सात नंबरचा खड्डा

आत्या, तुला जाऊन सव्वा महिना झाला. पंधरा दिवसांपूर्वी सात नंबरचा खड्डा उकलला. तू हरलीस.

हे पहिल्याच ओळीत सांगतो, कारण आडून बोलणाऱ्याची तुला चीड होती. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे. ती रीत तू कधी पाळलीस? तुझा नवरा उसाच्या गाडीखाली सापडून गेला, तेव्हा फडातल्या बाया तुझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि तू कोरड्या डोळ्यांनी म्हणालीस, "बैलाला लई मारायचा. बैलानं फेडलं." हे मला तूच सांगितलंस, भाकरी थापता थापता. जळण ओलं आहे, एवढंच सांगावं तसं. तेव्हा माझ्याकडून काही हळवं ऐकायला मिळेल, अशी आशा ठेवू नकोस.

आपण खर्ड्याकडचे. आठ एकर कोरडवाहू आणि नावाला मोठं घराणं. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर कोयता घेऊन तोडीला. नवरा गेला त्या वर्षी टोळी माघारी गेली आणि तू एकटी या गावात राहिलीस. गावाबाहेर ओढ्याकाठी नगरपालिकेचा खत डेपो आहे. सगळ्या गावाचा कचरा बैलगाड्यांतून तिथे येतो. लांबलचक खड्ड्यात एक थर कचरा, एक थर मैला, वर माती, पुन्हा कचरा, असं भरत जायचं आणि खड्डा झाकायचा. सहा महिन्यांनी उकलला की काळंभोर खत निघतं, ते शेतकरी घेऊन जातात. त्या कचऱ्यातली काच, लोखंड, चिंध्या वेचायला काही बाया कुंपणाच्या भोकातून आत शिरायच्या. त्यांच्यात तू शिरलीस. घरी कळलं तेव्हा आबांनी, माझ्या बापानं, तुझ्या पाठच्या भावानं, भर चावडीवर सांगितलं, "मला बहीन न्हाई. हुती ती मेली."

म्हणजे तू तेव्हा एकदा मेलीच होतीस. ही दुसरी खेप.

मी मॅट्रिक झालो. आपल्या घरात तोवर सातवीची पायरी कुणी चढलं नव्हतं. कॉलेज या गावात, आणि या गावात आपलं माणूस एकच, तेही मेलेलं. आबांनी मला तुझ्या दाराशी आणून सोडलं. आत आले नाहीत, पाणी घेतलं नाही. "भाकरी खा तिची. पर कुनाला नातं सांगू नगं, आन आत्या-बित्या म्हनू नगं," एवढं बजावून ते एस.टी.नं माघारी गेले. तू उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकलंस. मला म्हणालीस, "ये आत. मेल्याल्या बाईच्या हातचं चालतंय न्हवं?"

मी होय म्हटलं. भूक लागली होती.

आत्या म्हणायचं तेव्हापासून बंद झालं. घरात 'अगं', पुढे डेपोवर 'गवराबाई'. आधी बापाचा हुकूम होता, मग सवय झाली, मग सोय झाली. आता या कागदावर मी दर दोन ओळींनी आत्या लिहितो आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "किती वेळा हाक मारशील? भैरी हाय का मी?"

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी वर्गातला एक जण वही मागायला खोलीवर आला. तू दारात वेचून आणलेल्या बाटल्या धूत बसली होतीस. "ह्या कोण रे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "घरमालकीण." तू मान वर केली नाहीस. तो गेल्यावर मला वाटलं, आता चुलीतलं लाकूड पाठीत बसणार. तू ताट वाढलंस आणि म्हणालीस, "भाडेकरू, जेवून घ्या. मालकीनबाईला भांडी घासायचीत."

त्या दिवसापासून मी भाडेकरू. बी.एस्सी. झालो तरी भाडेकरू, नोकरी लागली तरी भाडेकरू. कंदिलाची वात मोठी केली की, "हळू, भाडेकरू, मालकीन रागावंल." मीठ जास्त पडलं की, "मालकिनीला सांगा की वो." हसत म्हणायचीस, पण एक दिवस चुकवला नाहीस. एका शब्दापायी तू मला वर्षानुवर्षं सोललंस. तो शब्द मी मागे घेतला असता. तू एकदा रागावली असतीस, रडली असतीस, तर नक्की घेतला असता. तू थट्टा केलीस. थट्टेला माफी कशी मागायची, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि तूच मला ती फूटपट्टी आणून दिलीस. आरपार दिसणारी, प्लॅस्टिकची. आमच्या वर्गात तशी दोघांकडेच होती. उकललेल्या खड्ड्यातून निघाली होती. सहा महिने मैल्यात आणि मातीत पडून तिच्यावरची एक रेघ पुसली नव्हती. तू ती राखेनं घासलीस, धुतलीस आणि माझ्या पुढ्यात टाकलीस. "हे कचकडं. मातीला सुदिक पचलं न्हाई. बग, तुला पचतंय का." प्लॅस्टिकला तू शेवटपर्यंत कचकडंच म्हणालीस. पदवीपर्यंतच्या सगळ्या आकृत्या मी त्या पट्टीनं काढल्या. आपल्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि हे मी ताठ मानेनं सांगतो. ती मान तुझ्या भाकरीवर ताठ झाली, हेही सांगतो. हे दुसरं वाक्य तुझ्यासमोर कधी तोंडातून निघालं नाही.

पुढे पालिकेत मला सॅनिटरी इन्स्पेक्टरची जागा मिळाली आणि खत डेपो माझ्या ताब्यात आला. पहिल्या दिवशी पाहणीला गेलो, तर तू कुंपणाच्या भोकात, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. मी म्हणजे कायदा. "साहेब," तू सगळ्या बायांदेखत म्हणालीस, "काय करू? आत यिऊ का मागं सरू? मधल्यामधी पाठ मोडायली माजी."

मी दुसरीकडे तोंड फिरवलं. तू आत आलीस. आपली भागीदारी अशी सुरू झाली.

मधे पडलेला दुष्काळ सरला आणि शेतकरी पुन्हा खताला येऊ लागले, पण तोंडात तक्रारी घेऊन. राहुरीकडच्या एका बागाईतदाराच्या बैलाच्या खुरात खतातली काच गेली. त्याच्या कांद्याच्या वाफ्यात पिशव्यांचे तुकडे, चपलांचे पट्टे, मोडक्या बादल्यांचे कान. "हे खत न्हाई, साहेब. बोहारणीचं गाठोडं हाय," तो म्हणाला. मला ते झोंबलं. मी योजना लिहिली. वेचणाऱ्या दहा बायांना पालिकेनं पितळी बिल्ले द्यायचे. त्यांनी दरवाजानं आत यायचं आणि कचरा खड्ड्यात पडायच्या आधीच त्यातली काच, लोखंड, प्लॅस्टिक वेगळं काढायचं. ते भंगारवाल्या हुसेनभाईंनी उचलायचं. शेतकऱ्याला स्वच्छ खत. वर्षभर असं चालवून बघायचं आणि अखेरीस पालिकेच्या कमिटीनं डेपोवर येऊन खड्डे उकललेले पाहायचे. खत स्वच्छ निघालं तर बिल्ले कायम. नाही तर बिल्ले परत आणि कुंपणाला नवी तार.

हुसेनभाई आधी लोखंडाशिवाय कशाला हात लावत नव्हते. पण प्लॅस्टिक वितळवून वस्तू करणारा कुणी त्यांना भेटला होता. "काय बनिवत्यात ह्याचं?" तू विचारलंस. "टमरेल," हुसेनभाई म्हणाले. तू हसून हसून खाली बसलीस. "मंजे जिथनं आलं तिथंच माघारी चाललं की वो! आन आमचं इनिस्पेक्टर म्हंत्यात, देशाची परगती."

कमिटी घाबरट. बायांना काही झालं तर जबाबदार कोण, हा अध्यक्षांचा प्रश्न. मी बसल्या बैठकीत त्याचं उत्तर लिहून दिलं. कलम पाच: काम करताना इजा झाल्यास संबंधित बाईचा बिल्ला परत घेण्यात येईल व पालिकेवर कोणतीही जबाबदारी राहणार नाही. खाली तुझ्याच पट्टीनं रेघ मारली. अध्यक्ष म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं हे असं असतं बघा." मी खूश. डेपोवर बायांना बसवून मी सगळी कलमं वाचून दाखवली. पाचव्याला तू म्हणालीस, "मंजे हात कापला की पोट बी कापायचं."

बाया हसल्या. मीही हसलो. "ते नुसतं कागदावर आहे," मी म्हटलं.

कागदावर असतं ते खरं असतं, हे तुला मीच शिकवलं होतं. माझी डिग्री तुझ्या भिंतीला टांगून.

मग आपलं भांडण. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून पुन्हा मांडतो. तुझं म्हणणं, आधी वेचायचंच कशाला? ताजा कचरा, त्यात फुटक्या काचा, दवाखान्याच्या सुया, मेलेल्या घुशी. जाऊ द्या सगळं खड्ड्यात. "माती तिचं तिचं खाती. तिला नगं ते ठेवती. ती निवडती, आपुन उचलायचं. सा म्हयन्यानं चहाच्या भुकटीगत हुतंय. चाळलं की झालं. हाताला घान न्हाई, आन काच दिसती तरी."

माझं म्हणणं, प्लॅस्टिकच्या खाली पाणी जात नाही, हवा जात नाही. तिथला कचरा कुजणार नाही. खत कच्चं निघेल आणि कमिटी बिल्ले काढून घेईल.

"कुनी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकानं कधी खड्डा उकललाय व्हय?"

"आणि तू कधी तपासून बघितलंस?"

"बारा वरसं वास घेतीया. तपासायला काय टोपी घालावी लागती का?"

तुझी जोडीदारीण शेवंता, खालमानेनं काम करणारी, क्वचित मध्ये बोलायची. "आवं, दोगं बी गप बसा. कुत्री बिचकायलीत." आपण तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तिला काही सांगायचं असेल, असं आपल्याला वाटलंच नाही. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डेपोवर तोरणांचा आणि माळांचा ढीग पडला होता. मी चिडून म्हटलं, "हा सात नंबर तुझा. त्यातलं काही वेचू नकोस. आला तसा भर. चैत्रात कमिटीपुढे उकलू आणि सगळ्यांदेखत तुझं नाक कापू."

"कापा की. नाक दोगांचं एकच हाय," तू म्हणालीस आणि पाटी उचललीस.

बाकीचे अकरा खड्डे माझ्या पद्धतीनं. माझ्या म्हणजे डोकं माझं. हात तुम्हा दहा जणींचे.

माघ सरता सरता, नव्यानं खणलेल्या खड्ड्यासाठी माझ्या पद्धतीनं कचरा वेचताना, कंदिलाची फुटकी काच तुझ्या उजव्या तळव्यात शिरली. मला हे मागाहून कळलं. शेवंतानं सांगितलं, तू जखमेत मिश्री दाबलीस, वर कचऱ्यातलीच चिंधी बांधलीस आणि सगळ्यांना शपथ घातलीस. "इनिस्पेक्टरला कळलं तर लिवून ठिवील. माजा बिल्ला गेला तर जाऊ द्या. पर कमिटी भ्याली तर तुमचे नऊ बी जातील." तुला अक्षर येत नव्हतं. जन्मात माझं एक वाक्य तू शब्दाला शब्द पाळलंस, आणि नेमकं ते.

तुला डाव्या हातानं वेचताना मी पाहिलं. "काय गवराबाई, डावखुऱ्या झालात?"

"उजवा दुकतोय, साहेब. तुमाला आशीर्वाद दिऊन दिऊन."

मी हसलो आणि पुढच्या खड्ड्याकडे गेलो. मागे वळून तुझ्या हातावरचा पदर बाजूला करायला चार पावलं पुरली असती. चार पावलं, आत्या. आणि पालिकेनं मला त्याचसाठी ठेवलेलं, बघत फिरायला.

आठवड्यानं सकाळी शेवंता ऑफिसात धावत आली. "साहेब, गवराबाईचं तोंड उघडंना. भाकर चावंना." समोर दोन कारकून बसले होते. मी म्हटलं, "बरं झालं. बारा वर्षांत पहिल्यांदा गप्प बसली."

कारकून हसले. शेवंता हसली नाही. तुझ्यावरचं ते माझं शेवटचं बोलणं, आणि ते चांगलं जमलं होतं. तू ऐकलं असतंस तर दाद दिली असतीस. सगळ्यात जास्त हेच टोचतं मला.

धनुर्वात. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. कागद भरणाऱ्यानं विचारलं, "पेशंट तुमची कोण?" तुझी खाट दारातच होती. पालिकेचे एक सभासद कुणाला तरी भेटायला आलेले, मला ओळखून जवळ उभे राहिले. मी म्हटलं, "आमच्या डेपोवर कामाला आहे."

मग डॉक्टर म्हणाले, "शुद्ध पूर्ण आहे त्यांची. सगळं ऐकू येतंय, सगळं कळतंय."

पहिल्या वेळी मी तुला मालकीण केलं. या वेळी नोकर. नात्याचं काय ते मधे राहून गेलं.

तुला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. उजेड पडला की झटका, दार वाजलं की झटका. अंग कमानीसारखं उचलायचं, टाच आणि डोकं तेवढं खाटेला. तोंड ताणून दात उघडे पडलेले. नवख्याला वाटावं, बाई हसतेय. डॉक्टरांनी बजावलं, बोलायचं नाही, आवाजानं झटका येतो. तरी मी पहिल्या दिवशी एकदा तुझ्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, "आत्या." हळू म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तुझं अंग असं वळलं की खाट करकरली. नर्सनं मला बाहेर काढलं. त्यानंतर चार दिवस मी त्या खोलीत तोंड उघडलं नाही. भांडून भांडून डेपोवरची कुत्री बिचकवणारी आपण दोघं, एक दात आवळून पडलेलं आणि एक ओठ आवळून बसलेलं.

पाचव्या दिवशी तू गेलीस. आबा आले. लाकडं रचून होईतो लांब उभे राहिले. मग म्हणाले, "दोनदा मेली बया." तेवढंच. पाणी त्यांनी त्या दिवशीही घेतलं नाही, पण ओठ दातांखाली धरून फुटले होते त्यांचे, रक्त आलं होतं. तुला कळलं असतं तर बरं वाटलं असतं, म्हणून लिहिलं.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, "इच्छा राहिली नव्हती काही. समाधानानं गेल्या." मी तिथेच सांगणार होतो, महाराज, हे डेपोवरचे कावळे आहेत. बारा वर्षं तिच्या पाठीमागे फिरलेत. हे कसल्या इच्छेला थांबतात! इच्छा होती. सात नंबर बघायचा होता तिला.

कमिटी यायच्या आदल्या दिवशी दुपारी शेवंताला घेऊन मी तो उकलला. वरचा हातभर थर तू म्हणायचीस तसा. चहाची भुकटी. वास नाही. काचा उन्हात चमकत होत्या, बोटांनी अलगद उचलाव्यात अशा. मी मनात म्हटलं, जिंकली म्हातारी. आणि फावडं अडलं. खताच्या पोत्यांच्या आतल्या मोठ्या पिशव्या, कुणाच्या तरी टेबलावरचं फुलाफुलांचं प्लॅस्टिक, एकावर एक बसलेलं. ते ओढून काढलं तर खाली दसऱ्याचे झेंडू. सुकलेले, पण पिवळे. दोरा तसाच, आंब्याची पानं तशीच. त्याखाली कोरडा कचरा, आज सकाळी टाकल्यासारखा. पुस्तकात होतं तसं, ओळीला ओळ.

मी बरोबर होतो. उकिरड्याच्या काठावर उभा राहून मी इकडे तिकडे बघितलं. हे कुणाच्या तोंडावर मारू?

शेवंता खाली बसून काचा आणि प्लॅस्टिक वेगवेगळं ठेवत होती. वर न बघता म्हणाली, "काचंनं काय कुजायचं ऱ्हातंय व्हय? काच ऱ्हाऊ द्यायची खड्ड्यात, मागनं चाळून काढायची. कचकडं तेवढं आधी काढायचं. ते काय हात कापतंय?"

आत्या, ऐक. काच तुझ्या पद्धतीनं, प्लॅस्टिक माझ्या पद्धतीनं. दोन्ही बरोबर. कचऱ्यात हे दोन वेगळे आहेत, एवढं आपल्या दोघांच्या डोक्यात आलं नाही. वेगळं करण्याचंच काम होतं आपलं. हे दसऱ्याला कळलं असतं तर ती कंदिलाची काच कुणी हातात घेतलीच नसती.

"मग बोलली का नाहीस आधी?" मी ओरडलो तिच्यावर.

"तुमी दोगं बोलू दिलं तर न्हवं."

काचांचा ढीग बाजूला सारून म्हणाली, "साहेब, ह्यो झाकून टाका. उद्या अकराच दावा. म्हातारीचं हसं हुईल, आन आमचे बिल्ले बी जातील."

मी झाकला नाही. तुझी चूक झाकली असती तर तू थुंकली असतीस माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी कमिटी आली. अध्यक्ष, तीन सभासद आणि राहुरीकडचा तो बागाईतदार. अकरा खड्डे झाले. बागाईतदारानं प्रत्येकातलं मूठभर खत उचललं, चुरलं, नाकाला लावलं. "हां. आता ह्याला खत म्हनावं." मग अध्यक्षांनी विचारलं, "आणि हा सात?"

मी सांगितलं. "हा फसला. प्लॅस्टिक न काढता भरला. गवराबाईंच्या म्हणण्यावरून. त्या चुकल्या. पण काचेच्या बाबतीत त्या बरोबर होत्या आणि मी चुकलो. माझ्या पद्धतीत त्यांचा हात कापला. कलम पाच होतं म्हणून त्यांनी तो लपवला आणि त्यातच त्या गेल्या. ते कलम मी लिहिलं. ते आत्ता खोडा. नाही तर या नऊ जणींचे बिल्ले मीच गोळा करून तुमच्या हातात देतो."

नऊ जणी माझ्याकडे बघत होत्या. त्यांची पोटं मी पणाला लावली होती, त्यांना न विचारता. ही खोड तुझ्याकडून आली की आबांकडून, ठाऊक नाही.

दवाखान्यात भेटलेले ते सभासद म्हणाले, "एवढं मनाला लावून घ्यायचं कारण काय, इन्स्पेक्टर?"

"ती माझी सख्खी आत्या होती."

मला वाटलं, आता आभाळ फाटणार. अध्यक्षांनी रुमालानं मान पुसली. "ते ठाऊक आहे हो आम्हाला. तुम्हीच सांगत नव्हता." आणि खिशाला लावलेलं पेन काढून त्यांनी कलम पाच खोडलं. इजा झाल्यास त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात नेऊन सुई टोचावी, असं वर लिहिलं. बिल्ले कायम. सगळं इतकं चटकन झालं की मला राग आला. एवढंच लागत होतं? एक पेन?

ते गेल्यावर मी शेवंताला विचारलं, "गावाला कुणी सांगितलं? तिनं?"

"ती कशाला सांगंल? मरंस्तवर मालकीनच म्हनायची सोताला." मग माझ्याकडे तिरकं बघून म्हणाली, "नाक तेच, जीभ तीच. आन परक्या मानसासंगं इतकं कोन भांडतंय?"

तुझ्या दहाव्या बिल्ल्यावर एक नवी बाई आली आहे. जामखेडकडचीच, आपल्या भागातली. हात मंद, तोंड मात्र चालतं. सात नंबर आम्ही प्लॅस्टिक काढून पुन्हा भरला, वर माती अजून घातलेली नाही. त्यावर रोज मी स्वतः पाणी टाकतो. काल तिनं विचारलं, "साहेब, सोता पानी घालताय. कुनाचा ह्यो खड्डा?"

"माझ्या आत्याचा," मी म्हटलं. किती सोपं होतं.

तुला तो शब्द ऐकवला तेव्हा तुझं अंग का वळलं, याचाच विचार पाणी घालताना करतो. डॉक्टर म्हणाले, आवाजानं. मी सायन्सचा पदवीधर. मला दुसरं कारण मानता येत नाही. तू मानलं असतंस. त्यावरून आपण निदान चार दिवस भांडलो असतो.

झेंडू आता काळे पडायला लागलेत.